सांगलीहून परदेशात परत जाताना गोधडीचं सामान कसं न्यायचं आणि पोचल्यावर काय करायचं

सुट्टीला सांगलीला आलाय (किंवा मिरज, विटा, कराड, सातारा, कुठंही), महिना दोन महिने राहणार आहात आणि परत जाताना गोधडी शिवायचं सामान सोबत न्यायचंय पण काय न्यायचं काय नाही काही कळत नाही, अशा नवीन लोकांसाठी हे लिहितेय. मी अमेरिकेत राहते, माहेर सांगली, त्यामुळं कस्टमचं जे लिहिलंय ते मुख्य अमेरिकेचं आहे, बाकी देशांचं थोडंथोडं सांगते. पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलंय पण काही पायऱ्या मोठ्या आहेत काही दोन ओळींच्या, कारण काम पण तसंच आहे.

सगळ्यात आधी एक ठरवून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. जे तिकडं मिळत नाही तेवढंच न्यायचं. रोटरी कटर, कटिंग मॅट, पट्ट्या, बॅटिंग (गोधडीच्या आत घालायचा कापसाचा तयार थर), मशीनचे पाय (सुईखाली कापड दाबून धरणारे) हे सगळं तिकडं मिळतं आणि बऱ्याचदा चांगलं मिळतं. तीस वर्षं धुवून धुवून मऊ झालेलं सुती लुगडं तिकडं कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि वाकळेचा, म्हणजे गोधडीचा, धावदोरा हातात बसलेली मावशी पण मिळत नाही. २३ किलोची बॅग या दोन गोष्टींसाठी राखून ठेवायची, म्हणजे कापडासाठी आणि शिकण्यासाठी, शिकण्याला वजन नाही पण दिवस लागतात.

पायरी १ : निघायच्या आधीच घरी फोन

तिकीट काढलं की त्याच आठवड्यात आईला, सासूबाईंना, आत्याला फोन करून सांगायचं की जुन्या सुती साड्या, लुगडी, पातळं, बाबांची धोतरं, सुती चादरी बोहारणीला देऊ नका. ही पहिली पायरी मी मुद्दाम लिहितेय कारण आपण पोचेपर्यंत दिवाळीच्या साफसफाईत सगळं जातं आणि बदल्यात एक स्टीलचं पातेलं आलेलं असतं. आईला वाटतं फाटकं कशाला ठेवायचं, पण फाटकंच पाहिजे असतं हे तिला आधी सांगावं लागतं.

आणि मागताना नीट मागा. आजीचं लुगडं असेल, ती आता नसेल, तर घरात कुणाला ते कापायचं म्हटलं की पोटात कालवतं. काकांना, आत्याला विचारा, कुणाला अख्खं ठेवायचं असेल तर ठेवू द्या, एखादा पदर नाहीतर अर्धं लुगडं मिळालं तरी भरपूर होतं. न विचारता कपाटातनं काढून पिशवीत भरू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

अजून एक गोष्ट. खरोखर शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू घरात असेल, पणजीची पैठणी किंवा जुनी वाकळ वगैरे, तर ती देशाबाहेर न्यायला कायद्याची आडकाठी आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, १०० वर्षं किंवा जास्त जुन्या वस्तू त्यात येतात. असं काही असेल तर ते सांगलीतच राहू दे. फोटो काढा, मापं घ्या, टाके मोजा, त्यावरनं तिकडं नवीन शिवा.

पायरी २ : कापड निवडायचं

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात हे काम काढा, शेवटच्या आठवड्यात नको, शेवटच्या आठवड्यात पाहुणे असतात, चिवडा असतो, बँकेची कामं असतात.

सगळ्या साड्या जमिनीवर पसरायच्या. आधी बघायचं की सुती आहे का. बोलताना सगळे कॉटनच म्हणतात पण हातात घेतल्यावर टेरिकॉट निघतं. कडेचे दोनचार धागे ओढून काढा, स्टीलच्या ताटलीत ठेवा, काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख झाली की सुती. वितळून कडक काळा मणी झाला की पॉलिएस्टर आहे नाहीतर त्यात पॉलिएस्टर मिसळलंय. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. इरकल लुगड्यात अंग सुती आणि काठ पदर रेशमी असं बरंच असतं त्यामुळं अंगाचा धागा वेगळा जाळा आणि काठाचा वेगळा. पॉलिएस्टर नवीन माणसानं घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते सरकतं, टाका त्यात बसत नाही, वर फुगून राहतो आणि उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही.

मग दम बघायचा. कापड खिडकीसमोर उजेडाला धरा, कुठं विरलंय ते लगेच दिसतं. दोन्ही हातांनी आडवं ओढा, उभं ओढा. चर्र आवाज आला तर तो भाग वरच्या थराला चालणार नाही, आतल्या थराला चालेल. आडवं उभं दोन्ही ओढून जागोजागी फाटत असेल तर सोडून द्या, कितीही जीव अडकला असला तरी, त्याचा एक चांगला तुकडा आठवण म्हणून कापून घ्या, बस्स.

किती घ्यायचं हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणून हिशोब सांगते. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी ४५ इंचाच्या आसपास. सिंगल बेडची गोधडी ६० बाय ९० इंच धरली तर एका नऊवारीत कागदावर अडीच थर निघतात, पण गुडघ्याजवळचा, बसून बसून विरलेला भाग काढला की दोन धरा. सहावारी साडेपाच मीटर, त्यात दीड थर. वर एक, खाली एक आणि आत दोन असे चार थर धरले तर दोन नऊवारी झाल्या. जाड लुगडं पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एका गोधडीला दीड ते दोन किलो कापड. एवढा हिशोब कळला की पंधरा साड्या भरायची हाव आपोआप कमी होते. पहिल्या खेपेला दोन गोधड्यांपुरतं आणि एका दुपट्यापुरतं कापड न्या, पुरे.

कापूस न्यायचा का असं पण विचारतात. नको. आपल्या वाकळेत कापूस नसतोच, कापडाचेच थर असतात, कापूस गादीत आणि दुलईत. पिंजलेला कापूस बॅगेत सगळी जागा खातो आणि त्यात सरकीचे बारके तुकडे राहिले असले तर बी म्हणून कस्टमवर अडचण होऊ शकते. कुणाला जाड उबदार पाहिजेच असेल तर तिकडं सुती बॅटिंग मिळतं, ते आत घाला.

पायरी ३ : धुणं, उसवणं, वाळवणं

हे सगळं सांगलीतच उरकायचं, तिकडं नेऊन करू म्हणू नका. इथं गच्ची आहे, ऊन आहे, बादल्या आहेत, तिकडं अपार्टमेंटच्या मशीनमध्ये आठ मीटरचं लुगडं पिळून दोरखंड होऊन बाहेर येतं.

आधी उसवायचं. साडीचा फॉल काढा, फॉल बहुतेक वेळा वेगळ्या कापडाचा असतो आणि धुतल्यावर वेगळा आकसतो. ब्लाऊजचे हुक, बटणं, काजाची पट्टी काढा. कुठं ठिगळ किंवा रफू असेल तर ते राहू द्या, मला तरी ते आवडतं, वरच्या थरात आलं तर फार छान दिसतं.

मग रंग. लाल, मरून, गडद निळा, काळा यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. पांढऱ्या कापडाचा तुकडा ओला करून त्याच्यावर ठेवायचा आणि वरनं गरम इस्त्री दाबायची. पांढऱ्यावर रंग उतरला तर ती साडी वेगळी धुवायची, थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. घरात सगळे सांगतील मिठाच्या पाण्यात भिजव, व्हिनेगर घाल, पण तयार रंगवलेल्या सुती कापडाचा सुटणारा रंग मीठ व्हिनेगरनं पक्का होत नाही, जादाचा रंग धुवून काढणं हाच उपाय. चारपाच धुण्यांनंतर पण सुटतच असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी कधीच लावायचं नाही, गडद गडद एकत्र करून वेगळी गोधडी करा. जरीच्या काठाला गरम इस्त्री लावू नका, हल्लीची जर बऱ्याचदा प्लास्टिकची असते, ती वितळते.

खळ पूर्ण निघाली पाहिजे. धोतरं, नवीन आणलेलं कोरं कापड, स्टार्च केलेल्या साड्या, या सगळ्यांची खळ गरम पाण्यात भिजवून काढायची कारण कसर खळीवर येते. कसर म्हणजे ते चंदेरी किडे, सुती कापडातली खळ खातात.

वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण म्हणजे पूर्ण कोरडं. उलट्या बाजूनं उन्हात टाका, काठ आणि दुमडीची जागा हाताला गार लागली म्हणजे अजून ओल आहे. पावसाळ्यात आला असाल तर दोन दिवस पंख्याखाली ठेवा. थोडी जरी ओल राहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद झालं तर पोचेपर्यंत बुरशीचा वास लागतो आणि काळे ठिपके पडले तर ते जात नाहीत. कृष्णेच्या पुरात, २००५ ला असो नाहीतर २०१९ ला, भिजून वर आलेलं कापड घरात असेल तर ते अजिबात नेऊ नका. धुतलेलं दिसलं तरी नको.

वाळलं की प्रत्येक साडीला एक चिठ्ठी, कागदाची नको, पांढऱ्या कापडाची, धोब्याच्या न जाणाऱ्या मार्करनं लिहायची. कुणाची साडी, कुठली, साधारण कुठल्या सालची, आणि आईला जे आठवेल ते. आईला शेजारी बसवून हे लिहा. ती सांगत जाते, हे तुझ्या बारशाला, हे गणपतीला सांगलीच्या पेठेतनं घेतलेलं. हे फोनवर नंतर विचारू म्हटलं तर होत नाही, साडी हातात असली की आठवतं.

पायरी ४ : बाजार

कापड पेठ आणि हरभट रोडला एक सकाळ द्या, दुपारी नको, सकाळी दुकानदाराला वेळ असतो. घ्यायचं थोडंच आहे. अस्तराला मांजरपाट किंवा पॉपलीन, सुती जाड दोरा, सुया, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), बस्स.

दुकानात भाव विचारायच्या आधी पन्हा विचारायचा. ३६ इंच, ४४ इंच, ५८ इंच असे वेगवेगळे पन्हे असतात आणि ६० इंची गोधडीला ३६ पन्ह्याचं अस्तर घेतलं तर मधे जोड येतो आणि कापड पण जास्त जातं. मीटर म्हणजे ३९ इंचाच्या वर थोडं, तिकडचा यार्ड ३६ इंच, तिकडचं पॅटर्न बघून घेणार असाल तर यार्डाचं मीटर करून लिहून न्या. मांजरपाट कोरा असतो तो आकसतो, म्हणून दहा टक्के जास्तीचं घ्यायचं आणि धुवूनच न्यायचं. कापड जास्त लागणार असेल तर इचलकरंजी जवळच आहे, यंत्रमागाचं गाव, पण दोन गोधड्यांसाठी तेवढं फिरायची गरज नाही.

दोरा घेताना तोडून बघा. पॉलिएस्टरचा दोरा हातानं तुटत नाही, बोटाला कापतो, आणि जुन्या मऊ कापडाला पण तो वर्षानुवर्षं कापत राहतो. सुती दोरा घ्या, जाड, दोन पांढरे आणि दोनतीन रंगाचे. सुया वेगवेगळ्या लांबीच्या घ्या, नवीन माणसाला कुठली हातात बसेल ते आधी कळत नाही. दाभण नको, त्यानं भोकं पडतात. मशीनच्या सुयांचं सांगायचं तर आपल्याकडच्या १४, १६ नंबरच्या घरगुती मशीनच्या सुया तिकडच्या बहुतेक घरगुती मशीनला चालतात, ९०/१४ आणि १००/१६ लिहिलेलं असतं त्याच त्या. बॉबिन मात्र नेऊ नका, प्रत्येक मशीनचं वेगळं.

शिंप्याकडचं कात्रण जरूर मागा. ओळखीच्या शिंप्याला दोन आठवडे आधी सांगून ठेवलं की खणाचे, ब्लाऊजचे तुकडे पिशवी भरून ठेवतो. काही पैसे देऊ करा, घेतले नाहीत तर चहा पाजा. त्यातलं सुतीच निवडा, वर सांगितलेला काडीचा प्रयोग इथं पण करा.

शिवणयंत्र न्यायचं का, तर इथलं इलेक्ट्रिक मशीन नको, इथं २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, मोटर चालणार नाही. हात मशीन चालेल पण लोखंडी डोकं दहा बारा किलोचं असतं, अर्धी बॅग गेली. आजीचंच असेल आणि न्यायचंच असेल तर ती एक बॅग त्याचीच समजा.

पायरी ५ : शिकून घ्या

बाजारापेक्षा याला जास्त दिवस द्या. तुमच्या गल्लीत, गावाकडं, कुणीतरी गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असतातच, विचारलं की कळतं. त्यांच्याकडं चार दुपारी जाऊन बसा. मजुरी विचारून द्या, त्या म्हणतील तेवढी द्या, घासाघीस करू नका, शिकवण्याचे वेगळे द्या. दहा मिनिटं व्हिडिओ काढून निघून जाणं बरोबर नाही, हातात सुई घेऊन बसलात तरच त्या खरं सांगतात.

मी बसले तेव्हा विचारलं, "मावशी, काठाकडनं सुरू करू का मधनं?" तर म्हणाल्या, "आधी कच्चं घाल गं बाय, कच्चं नीट असलं की कुठनंबी घे, न्हाईतर मधी फुगा धरतंय." म्हणजे थर जमिनीवर ताणून पसरायचे, वितीवितीवर लांब कच्चे टाके घालायचे, मगच धावदोरा. काहीजणी चौकोनात फिरत फिरत आत जातात, काहीजणी सरळ रांगा मारतात. जिच्याकडं शिकाल तिची एक पद्धत पूर्ण उचला, दोघींची मिसळू नका निदान पहिल्या गोधडीला.

व्हिडिओ काढताना (विचारून काढा) तोंडाचा नको, हाताचा काढा, आणि या चार गोष्टी नक्की घ्या. दोरा किती लांब घेतात, हातभराच्या वर घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या आत कशी लपवतात. सुईवर एका वेळी किती टाके भरतात. आणि कोपरा कसा वळवतात. कोपरा फक्त बोलून कुणालाच समजत नाही, तो दोनतीन वेळा जवळनं काढा. नमुना म्हणून एक वीतभर चौकोन त्यांच्याकडनं शिवून घ्या, त्याचे पैसे द्या, तो चौकोन तुमच्या सामानातली सगळ्यात कामाची वस्तू आहे, तिकडं अडलं की तो उलटसुलट करून बघता येतो.

पायरी ६ : बॅग भरणं

वजनाचा लटकता काटा घ्या, घरीच वजन करा. अमेरिकेच्या बऱ्याच तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा असतात पण तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. कोल्हापूरहून मुंबईला विमानानं जाणार असाल आणि ते तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत विमानाला बऱ्याचदा १५ किलोच चालतं, जादाचे पैसे भरावे लागतात. सामान जास्त असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा गाडीनं मुंबई गाठणं बरं.

व्हॅक्यूमच्या पिशव्या वापरा पण लक्षात ठेवा की त्यानं जागा कमी होते, वजन कमी होत नाही. पंप लागणाऱ्या नको, हातानं गुंडाळून हवा काढायच्या घ्या, कारण तपासणीत कुणी पिशवी उघडली तर परत बंद करता आली पाहिजे. साड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा, घडीवर जुनं कापड फाटतं. काचेच्या बरण्या, आईचं लोणचं यांच्याभोवती साड्या गुंडाळायची सगळ्यांची सवय असते, कृपा करून गोधडीच्या कापडाला हे करू नका, तेलाचा डाग जुन्या सुतीतनं निघत नाही.

सगळ्यात मौल्यवान कापड, आजीचं लुगडं, नमुन्याचा चौकोन, कापडी चिठ्ठ्या, हे केबिन बॅगेत. मोठी बॅग हरवली तर बाकीचं परत जमवता येईल, हे नाही.

टोकदार आणि धारदार सगळं मोठ्या बॅगेत. कात्री, उसवणी, ब्लेड, सुया. अमेरिकेतनं निघताना ४ इंचांपेक्षा कमी पात्याची कात्री आणि सुया केबिनमध्ये चालतात म्हणून लोक धरून चालतात की मुंबईला पण चालेल, पण इथनं निघताना इथला नियम लागतो आणि सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. म्हणून विमानात शिवत जाऊ हा बेत सोडा. कात्रीच्या पात्याला पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लावा. सुया काडेपेटीत ठेवायची जुनी पद्धत आहे, बॅगेत काडेपेटी नकोच, प्लास्टिकच्या झाकणाच्या नळीत ठेवा.

आता न न्यायच्या गोष्टी, आणि हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही. डांबराच्या गोळ्या कापडात टाकू नका, त्या ज्वलनशील पदार्थांत मोडतात, विमानात चालत नाहीत, कापराच्या वड्यांचं पण तेच. कडुलिंबाचा पाला साडीच्या घडीत ठेवायची आपली पद्धत फार चांगली आहे पण सुकलेला पाला म्हणजे झाडाचा भाग, अमेरिका ऑस्ट्रेलियाच्या कस्टमला तो नको असतो, निघताना प्रत्येक घडी झटकून पाला काढा. कापड चिकटवायचा स्प्रे नको, पेटणारा एरोसोल आहे. मशीनचं तेल नको, सांडलं तर सगळं कापड गेलं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नाही, केबिनमध्येच. आणि सुकं खोबरं, आई हमखास भरते, ते चेक-इन बॅगेत चालत नाही, त्याच्यापायी पूर्ण बॅग उघडतात आणि तुमच्या गुंडाळ्या विस्कटतात.

साताऱ्याकडचे, माणदेशातले लोक घोंगडी पण नेतात. न्या, पण लोकर आहे, स्वच्छ धुतलेली, काटेकुसळ नसलेली पाहिजे आणि ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडला जाणार असाल तर न विचारता आधीच सांगायची.

पायरी ७ : कस्टम

घाबरायचं काही नाही, खरं सांगायचं आणि पावत्या हाताशी ठेवायच्या. अमेरिकेत राहणाऱ्यांना परत येताना ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर ड्युटी नसते, किमान ४८ तास बाहेर असलात तर. कॅनडात पण ४८ तासांनंतर ८०० कॅनेडियन डॉलर, इंग्लंडला ३९० पौंड. दोन गोधड्यांचं सामान या आकड्यांच्या आसपास पण जात नाही. जुन्या साड्यांचं विचारलं तर घरच्या जुन्या वापरलेल्या सुती साड्या, गोधडी शिवायला, एवढं एक वाक्य पुरतं. विकायला नेत असाल तर तसं सांगा, ते वेगळं आहे, लपवू नका.

मसाले, हळद, खाऊ असेल तर तो पण सांगायचा, सांगलीहून निघालेल्याच्या बॅगेत हळद असतेच. सांगितलेल्या वस्तूवर फार तर ती काढून घेतात, न सांगितलेल्यावर दंड बसू शकतो. आणि अमेरिकेत पुढं दुसरं विमान असेल तर पहिल्या विमानतळावरच बॅगा घेऊन कस्टममधनं जाऊन परत द्यायच्या असतात, त्यासाठी वेळ धरा. अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांचं कस्टमचं बरंचसं काम अबुधाबीलाच होतं.

राहिलेलं कापड मागनं पार्सल करू असं ठरवणार असाल तर सांभाळून. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला जी ड्युटीची सूट होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालीय. तुम्ही स्वतः घेऊन येता ते आणि पार्सलनं येतं ते, दोन्हीचे नियम वेगळे. म्हणून जमेल तेवढं अंगाबरोबरच न्या, उरलेलं आईकडं पेटीत, पुढच्या खेपेला.

पायरी ८ : पोचल्यावर

झोपेची वेळ बसायला आठवडा जातो, कामावर गेल्यावर मेलचा ढीग असतो, आणि ती एक बॅग कपाटात सरकते ती सरकतेच. असं होऊ देऊ नका. दोन दिवसांत कापडाच्या पिशव्या उघडा, शिवायला नाही, हवा लागायला. गुंडाळ्या सोडा, खुर्च्यांच्या पाठीवर टाका, ओल किंवा वास आहे का बघा. असेल तर लगेच धुवा.

लोकर किंवा रेशीम असेल आणि किडीची शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, उणे १८ डिग्रीला, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा म्हणजे ओलावा पिशवीच्या बाहेर धरतो, कापडावर नाही. सुतीला याची गरज नाही.

ठेवायचं कसं, तर व्हॅक्यूममध्ये नाही. सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात, गुंडाळून, अंधारात. बेसमेंटमध्ये नको, तिथं ओल असते.

मग पहिलं काम दुपटं. आजीच्या लुगड्याला पहिली कात्री लावू नका. कात्रणातले तुकडे आणि कमी महत्त्वाची साडी घेऊन ३६ बाय ३६ इंचाचं दुपटं करा, तीन थर. जागा पाहिजे म्हणून डायनिंग टेबलवर करायला जाल पण थर पसरायला जमीनच लागते, सोफा सरकवा, खालच्या थराचे कोपरे जमिनीला चिकटपट्टीनं ताणून लावा, लाकडी फ्लोअरवर रंगाऱ्याची हलकी पट्टी वापरा. कच्चे टाके घालताना सुई जमिनीला घासते म्हणून खाली पुठ्ठा सरकवत न्या. मावशीचा चौकोन शेजारी ठेवा. टाके सुरुवातीला लहानमोठे येतील, उसवू नका, पुढं जात राहा, शेवटच्या रांगेपर्यंत हात बसलेला असतो.

एकटीनं कंटाळा येतो हे खरंय. तिकडच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, कुणाची तरी आई नाहीतर सासू सहा महिने आलेली असते, दुपारभर घरात बसून असते, आणि तिला हे येत असतं. त्यांना बोलवा, न्यायला जा, चहा करा. जे सांगलीत चार दुपारीत राहून गेलं ते तिकडं पूर्ण होतं आणि त्यांचा पण दिवस जातो.

धुण्याचं शेवटी सांगते. चार थरांची गोधडी ओली झाली की फार जड होते, घरच्या लहान मशीनला झेपत नाही, लॉन्ड्रोमॅटचं मोठं फ्रंट लोडर घ्या, थंड पाणी, सौम्य साबण, पहिल्या दोनतीन धुण्यांना रंग धरणारा कागद टाका. ड्रायर कमी उष्णतेवर अर्धवट, मग दोन खुर्च्यांवर आडवी पसरून वाळवा, दोरीवर एका काठानं लटकवू नका, ओल्या वजनानं टाके ताणतात. वर्षातनं दोनदा धुतली तरी चालते, बाकी वेळी उन्हात टाका.